इशारा जिल्ह्याला, पाऊस कांजूरमार्गला

‘मुंबई उपनगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य जून ते ऑक्टोबर या काळात मुंबईकरांच्या कानांवरून किती वेळा जाते, याची गणती कोणी करीत नाही. वाक्यात चूक काही नसते. हवामानशास्त्राच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना नेमका अर्थ आहे. त्या प्रदेशातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर एक-चतुर्थांश केंद्रांवर तसा पाऊस होईल, एवढेच खाते सांगत असते. बाकीच्या तीन-चतुर्थांश केंद्रांवर किरकोळ सरी आल्या तरी भाकीत खरेच ठरते. परंतु सकाळी कांजूरमार्गच्या फलाटावर उभ्या असलेल्या कारकुनाचा, किंवा भांडुपच्या एखाद्या शाळेत शेकडो मुले वर्गात घेऊन बसलेल्या मुख्याध्यापकाचा प्रश्न वेगळा असतो. आपण ज्या चार-पाच किलोमीटरांत वावरणार, तेथे पुढच्या तीन तासांत रूळ पाण्याखाली जातील इतका पाऊस पडेल काय, एवढेच त्याला हवे असते. दहिसरपासून मानखुर्दपर्यंत पसरलेल्या जिल्ह्याला उद्देशून दिलेल्या इशाऱ्यात त्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

२५ सप्टेंबर २०२४ चा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या दिवशी दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह जो पाऊस आला, त्याचा भार मुख्यतः पूर्व उपनगरांवर पडला. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, मानखुर्द या पट्ट्यात अनेक ठिकाणी काही तासांत शंभर मिलिमीटरांहून पुष्कळ अधिक पाऊस झाला. मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक कोलमडली, आणि तीही माणसे घरी परतण्याच्या वेळी. हवामान खाते झोपले होते असे नाही. इशारा होता आणि संध्याकाळपर्यंत त्याचा रंग लालही झाला. दुसऱ्या दिवशी शाळा-महाविद्यालयांना सुटी देण्यात आली. पण ज्या दिवशी दोन तास लवकर सुटण्याची गरज होती, त्या दिवशी कचेऱ्या नेहमीच्याच वेळी सुटल्या, आणि माणसे नेमकी वादळाच्या तोंडी रस्त्यावर आली. लाल रंग आणि घरची वाट यांच्यामध्ये जे काही असायला हवे होते, ते कोठेच नव्हते.

कांजूरमार्गचे भौगोलिक स्थान ध्यानात घेतले म्हणजे जिल्हावार इशाऱ्याची मर्यादा अधिक स्पष्ट होते. पश्चिमेला पवई, विक्रोळी पार्कसाइट आणि भांडुपच्या टेकड्या. पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडे मिठागरे, खारफुटी आणि ठाण्याची खाडी. या दोहोंच्या मधल्या अरुंद सपाटीवर लाल बहादूर शास्त्री मार्ग, रेल्वेचे रूळ आणि जुनी-नवी वस्ती एकमेकांना चिकटून बसली आहेत. टेकडीवर पडलेले पाणी याच सपाटीवरून खाडीकडे जाते, आणि खाडीला भरती असली म्हणजे येथेच थबकते. दोन-तीन किलोमीटरांच्या आत दरडीचा धोका, तुंबलेल्या नाल्याचा धोका आणि भरतीचा धोका एकत्र नांदतो. वांद्र्याला किंवा बोरिवलीला काय होणार यावरून येथे काय होणार याचा अंदाज बांधता येत नाही.

त्यातून येथे येणारा पाऊसही एका जातीचा नसतो. जुलैतला पाऊस अरबी समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की ढगांच्या रांगा तासनतास एकाच दिशेने येत राहतात. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस मात्र बहुधा उलट्या वाटेने येतो. दिवसभराच्या उन्हाने तापलेली दमट हवा दुपारी सह्याद्रीच्या अंगाला वर चढते, दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात आणि वरच्या पूर्वेकडील वाऱ्याबरोबर ते समुद्राच्या दिशेने सरकतात. अशा वेळी मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग ही गावे मुंबईच्या वेशीवर असतात. वादळ आधी त्यांच्या डोक्यावर येते आणि मग शहरात शिरते. दक्षिण मुंबईतल्या माणसाला ज्याची चाहूल लागायची असते, ते येथे होऊन गेलेले असते.

मुंबईत पाऊस किती लहान क्षेत्रावर एकवटू शकतो, याचा धडा २६ जुलै २००५ ने दिला. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती ७३ मिलिमीटरांच्या आसपास. दोन केंद्रांतले अंतर पंचवीस किलोमीटरांहून कमी. विहार तलावाच्या परिसरात तर हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. एवढ्या पावसाची पूर्वसूचना कोणत्याही यंत्रणेने दिलेली नव्हती, आणि ढगांच्या पोटात काय चालले आहे हे दाखवू शकेल असे डॉप्लर रडार त्या दिवशी मुंबईत नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने ज्या शहरात १८२६ सालीच वेधशाळा उभारली, त्या शहराची एकविसाव्या शतकातील ही स्थिती होती.

त्यानंतरच्या दोन दशकांत पुष्कळ काही झाले, हे मान्य केले पाहिजे. २०१० च्या सुमारास कुलाब्याला डॉप्लर रडार बसले. जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावली टेकडीवर दुसरे आले. महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसविले, त्यांची संख्या पुढे वाढविली, आणि पंधरा-पंधरा मिनिटांचा पाऊस मोजता येऊ लागला. जून २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूरसूचना प्रणाली शहराच्या हवाली केली. पाऊस, भरती, नाले आणि जमिनीचा उतार यांची सांगड घालून कोणत्या भागात किती पाणी साचेल हे सांगणे हा तिचा हेतू. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने घडविलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ कामाला लागली. तिच्यामुळे भाकिताच्या जाळीचा चौकोन बारा किलोमीटरांवरून सहा किलोमीटरांवर आला. ‘मिशन मौसम’साठी सरकारने २००० कोटी रुपये मंजूर केले आहेत. यंत्रसामग्रीच्या बाबतीत आज दारिद्र्य उरलेले नाही.

तरीही भाकीत चुकते, आणि ते का चुकते हे सामान्य वाचकाने समजून घेण्यासारखे आहे. कारण ‘खात्याने पाऊस सांगितला, तेव्हा छत्री घरी ठेवावी’ या जुन्या विनोदाच्या पलीकडे आपली चर्चा क्वचितच जाते. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा शेकडो किलोमीटरांचा असतो आणि अनेक दिवस टिकतो. त्याचे भाकीत चार-पाच दिवस आधी करता येते, आणि आता ते बऱ्यापैकी बरोबर येते. गडगडाटी ढगाचा एखादा पुंजका मात्र पाच-दहा किलोमीटरांचा असतो. त्याचे आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे, फार तर तासाभराचे. सहा किलोमीटरांच्या जाळीला असा ढग नीट पकडता येत नाही. कोळ्याच्या जाळ्याच्या छिद्रांतून लहान मासळी निसटावी तसा तो निसटतो. उद्या दुपारी मुंबईच्या आसपास असे ढग उभे राहण्याजोगी हवा आहे, हे यंत्र सांगू शकते. ते ठाण्यावर उभे राहतील, पवईवर की खाडीपलीकडे, हे आदल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. जगातल्या कोणत्याही देशाला ते साधलेले नाही.

साधते ते शेवटच्या दोन-तीन तासांत. ढग उभा राहिला की रडारला तो दिसतो. रडारने सोडलेल्या लहरी पावसाच्या थेंबांवरून परततात. किती परतल्या यावरून पावसाचा जोर कळतो आणि त्यांच्या कंपनांतील फरकावरून ढगातल्या वाऱ्याची दिशा व वेग कळतो. असे चित्र दर काही मिनिटांनी मिळत राहिले, तर वादळ बदलापूरहून निघाले आहे आणि तासाभरात मुलुंड-कांजूरमार्गावर येईल असे सांगणे शक्य होते. म्हणूनच रडारची संख्या महत्त्वाची. दुरुस्तीसाठी एक बंद पडले तर दुसऱ्याने पाहिले पाहिजे. एकाच्या दृष्टीआड टेकडी किंवा उंच इमारत आली तर दुसऱ्याला पलीकडचे दिसले पाहिजे. आदल्या दिवसाचे भाकीत आणि तीन तासांपूर्वीची सूचना या दोन भिन्न वस्तू आहेत, त्यांची विश्वसनीयता वेगळी आहे आणि त्यांवरून करावयाच्या गोष्टीही वेगळ्या आहेत. आपल्या सार्वजनिक व्यवहारात त्या दोहोंची सरमिसळ झाली आहे, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

ज्या देशांना संपूर्ण खंडावरील वादळांचे भाकीत करावे लागते, त्यांनी हा भेद फार पूर्वी ओळखला. अमेरिकेत मार्च १९४८ मध्ये ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर चक्रीवातळ आदळले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, वायुदलाचे दोन हवामान अधिकारी, अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर, यांनी तेथे पुन्हा तसेच होण्याचा संभव वर्तविला, आणि त्या संध्याकाळी ते खरोखर झाले. तोपर्यंत तेथील सरकारी हवामान कार्यालय भाकितात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरण्याचे टाळी; लोक घाबरतील ही भीती. पुढे त्या देशाने कामाची विभागणी केली. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील केंद्र सबंध देशाचा नकाशा पाहते, आणि कोणत्या प्रदेशात तीव्र वादळांची शक्यता किती टक्के हे आधी सांगते. प्रत्यक्ष ढग उभा राहिल्यावर धोक्याची सूचना स्थानिक कार्यालय देते. ही सूचना पूर्वी संपूर्ण काउंटीला, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकाला, दिली जाई. २००७ पासून ती पद्धत सोडण्यात आली. आता वादळ ज्या वाटेने जाणार, तेवढ्याच क्षेत्राभोवती नकाशावर रेघ ओढली जाते, मग ती रेघ कितीही जिल्हे कापीत जावो. ढगाला महसुली हद्द ठाऊक नसते, हे कारकुनी शहाणपण तेथील सरकारी यंत्रणेला उमगले.

युरोपातली गोष्ट अधिक गमतीची आहे. तेथे देश लहान आणि प्रत्येकाचे हवामान खाते स्वतंत्र. वादळ मात्र दुपारी फ्रान्समध्ये जन्मून रात्री जर्मनीत पोहोचणारे. तेव्हा २००२ मध्ये काही तरुण हवामान-अभ्यासकांनी स्वयंस्फूर्तीने ‘एस्टोफेक्स’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि अख्ख्या खंडाचा एकच नकाशा काढावयास घेतला. त्यावर धोक्याच्या तीन पातळ्या, आणि खाली अशी पातळी का दिली याचे सविस्तर शास्त्रीय विवेचन. भाकीत चुकले तर ते का चुकले हे शोधणे हाही त्या कामाचाच भाग. आपल्याकडे भाकितामागचे कारण सांगण्याची प्रथा नाही. तक्ता येतो, रंग येतो. कशावरून, हे येत नाही. ज्या राज्यात विज्ञानाचे हजारो शिक्षक आणि पदवीधर आहेत, त्या राज्यात ही कारणमीमांसा मराठीतून रोज दोन परिच्छेदांत मिळाली, तर ती वाचणारे निश्चित भेटतील.

मात्र भाकीत अचूक असले म्हणजे भागले, असेही नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनच्या हवामान संस्थेने वालेन्सिया प्रांतासाठी सकाळी आठच्या आत लाल इशारा दिला होता. त्या प्रांतातील नागरिकांच्या मोबाइलवर धोक्याचा संदेश गेला, तो रात्री आठ वाजून गेल्यावर. तोपर्यंत रस्ते, तळघरे आणि मोटारी पाण्याखाली होत्या. दोनशेहून अधिक माणसे दगावली. वेधशाळेने आपले काम बारा तास आधी केले होते. मधले बारा तास शासनाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर, कोणी निर्णय घ्यावयाचा याची वाट पाहण्यात गेले. मुंबईकरांना यात अपरिचित वाटावे असे फारसे काही नाही.

आपल्या इशाऱ्यांचे रंग कशावर ठरतात तेही पाहिले पाहिजे. खात्याच्या कोष्टकात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे सारे आकडे चोवीस तासांचे आहेत. शेती, धरणे आणि नद्या यांच्या दृष्टीने चोवीस तासांचा हिशेब ठीक आहे. परंतु मुंबईचे नाले तासाच्या हिशेबाने तुंबतात. जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती ताशी ५० मिलिमीटरांपर्यंत नेण्यास सांगितले. तीन दशकांनंतरही त्या योजनेतील कामे अपुरी आहेत, आणि पूर्व उपनगरांना दिलासा देऊ शकणारे माहूलचे उदंचन केंद्र तर वर्षानुवर्षे रखडत आले. अशा शहरात दोनशे मिलिमीटर पाऊस दिवसभर रिमझिमत पडला तर त्याचा कोणाला विशेष त्रास होत नाही, आणि शंभर मिलिमीटर दीड तासात, भरतीच्या वेळी पडला तर लोकल बंद पडतात. कोष्टक मात्र पहिल्याला दुसऱ्यापेक्षा गडद रंग देते. ८ जुलै २०२४ च्या पहाटे एक ते सात या सहा तासांत पवई परिसरातील काही केंद्रांवर तीनशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. त्या सकाळी मध्य रेल्वेच्या प्रवाशांची जी त्रेधा उडाली, तिला चोवीस तासांच्या बेरजेपेक्षा त्या सहा तासांचा झपाटा कारणीभूत होता. मुंबईपुरते तरी धोक्याचे मोजमाप तासावर आणि भरतीच्या वेळापत्रकावर बसविले पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती महापालिकेच्याच पर्जन्यमापकांतून दर पंधरा मिनिटांनी जमा होत आहे.

आणि ती माहिती कांजूरमार्गपासून दूर कोठे तरी आहे, असेही नाही. पवईची आयआयटी हे कांजूरमार्ग स्थानकात उतरून गाठावयाचे ठिकाण. तेथील संशोधकांनी २०२४ मध्ये मुंबईतील ठिकठिकाणच्या पावसाचे तासवार भाकीत आणि पाणी साचल्याची सूचना देणारी यंत्रणा लोकांसाठी खुली केली. हवामान खात्याचा ‘पुढील तीन तासांत’ हा संदेशही दिवसातून अनेकदा निघतो. उणीव आहे ती पुढच्या टप्प्यावर. असा संदेश भांडुपच्या ‘एस’ विभाग कार्यालयात दुपारी तीनला पोहोचला, तर तेथील सहायक आयुक्त स्वतःच्या अधिकारात शाळा लवकर सोडण्यास सांगू शकतो काय? सुटीचा निर्णय आज महापालिका मुख्यालयातून, सबंध मुंबईसाठी एकदम होतो. त्यामुळे बोरिवलीला पाऊस नसेल तर भांडुपच्या मुलांनी पाण्यातून जायचे, आणि भांडुपला धोका असेल तर बोरिवलीची शाळाही बंद. लाल इशाऱ्यामुळे सुटी द्यावी आणि त्या दिवशी लख्ख ऊन पडावे, असे काही वेळा घडले आहे. मग पालक चिडतात, वृत्तपत्रे थट्टा करतात, आणि पुढच्या खेपेस अधिकाऱ्याची लेखणी बिचकते.

या बिचकण्याचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. सत्तर टक्के संभाव्यता असलेले भाकीत दहापैकी तीनदा चुकणारच; ते चुकले नाही तर उलट टक्केवारीच खोटी. हे गणित शाळेच्या संभाव्यतेच्या प्रकरणात शिकविले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. लोकांना ‘शक्यता आहे’ असे मोघम सांगून अधिकारी स्वतःचा बचाव करून घेतो. शक्यता किती, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला स्वतःचा निर्णय करता येतो. ज्याची आई आजारी आहे, जिला रात्रपाळीला जायचे आहे, ज्याची परीक्षा आहे, या प्रत्येकाची धोका पत्करण्याची मर्यादा निराळी असते. तिघांनाही एकच नारिंगी रंग दाखविण्याने कोणाचीच सोय होत नाही. वाया गेलेल्या सुटीबद्दल अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. न दिलेल्या सुटीबद्दल पावसाला दोष दिला जातो. हा हिशेब उलटा आहे, आणि तो बदलण्याची जबाबदारी वृत्तपत्रांवरही आहे.

रेल्वेची गोष्ट याहून वेगळी नाही. कांजूरमार्गला जलद गाड्या थांबत नाहीत. येथला प्रवासी धीम्या मार्गावर अवलंबून. रूळ पाण्याखाली गेल्यावर गाड्या जागच्या जागी थांबतात, आणि मग माणसे अंधारात रुळांवरून चालू लागतात. वादळ तासाभरात येणार हे ठाऊक असेल, तर गाड्या दोन स्थानकांच्या मध्ये अडकण्यापूर्वी फलाटाला लावून ठेवता येतात, आणि फलाटावरच्या गर्दीला ‘दोन तास थांबा’ असे स्पष्ट सांगता येते. रेल्वेच्या ध्वनिक्षेपकावरून आजही ‘तांत्रिक कारणामुळे’ एवढेच ऐकू येते.

तथापि, ज्यांच्यासाठी तीन तासांची सूचना सर्वांत मोलाची, त्यांना ती वापरता येत नाही, हे या प्रश्नाचे सर्वांत दुःखद अंग आहे. १८ जुलै २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ढगांच्या गडगडाटात झालेल्या पावसाने चेंबूरला भारत नगर येथे आणि विक्रोळीला सूर्यानगर येथे दरड व भिंती कोसळल्या. दोन्ही ठिकाणी मिळून तीसच्या आसपास माणसे झोपेतच गेली. त्याच रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरले, आणि पावसात बुडालेल्या मुंबईचे नळ कोरडे पडले. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या टेकडीवर सत्तरहून अधिक माणसे अशीच गाडली गेली होती. १६ ऑगस्ट २०२५ ला विक्रोळी पार्कसाइटच्या वर्षानगरात दरड कोसळून दोघे गेले. ठिकाणे बदलतात, पण घाटकोपरपासून भांडुपपर्यंतची टेकड्यांची ओळ तीच आहे. मुरलेल्या पावसाने कातळावरची माती सुटते, वर बांधलेली भिंत पाण्याला वाट देत नाही, आणि मग एखादी जोराची सर पुरेशी होते. कोठे सुटणार हे कोणी आधी सांगू शकत नसले, तरी कोणत्या उतारांवर सुटू शकते याची यादी महापालिकेपाशी आहे, आणि तीत ‘एस’ विभागाचा वाटा मोठा आहे.

घाटकोपरच्या छेडानगरला १३ मे २०२४ रोजी वळवाच्या वावटळीत १२० फूट उंचीचा जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे ठार झाली. परवानगीच्या आकाराच्या कितीतरी पट मोठा फलक उभा राहू देणाऱ्या कारभाराला वादळाच्या पूर्वसूचनेने सुधारता आले नसते. टेकड्यांवरच्या वस्तीचेही तसेच आहे. तेथल्या रहिवाशांना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी स्थलांतराच्या नोटिसा दिल्या जातात. माणसे जात नाहीत याचे कारण त्यांना धोका कळत नाही हे नव्हे. ज्याचे घर दहा बाय बाराचे, आणि दारातली शिलाई-यंत्रे किंवा हातगाडी हेच ज्याचे भांडवल, तो चार महिन्यांसाठी ते उघडे टाकून जात नाही. कायम पुनर्वसन होईपर्यंत त्याला वर्षातल्या अवघ्या पाच-सहा रात्री खाली उतरण्यास सांगता आले, तर तो कदाचित उतरेल. त्या पाच-सहा रात्री कोणत्या, हे ओळखण्याइतकी विद्या आज आपल्यापाशी आहे. त्यासाठी संध्याकाळी सातला वस्तीत जाऊन सांगणारा माणूस हवा, रात्री उघडी राहणारी महापालिकेची शाळा हवी, तेथे दिवा, पाणी आणि स्त्रियांसाठी वेगळी खोली हवी, आणि रिकाम्या घरांवर पहारा हवा. भांडुप, कांजूरमार्ग आणि पार्कसाइटच्या उतारांजवळ महापालिकेच्या शाळा आहेत. त्यांतील कोणती शाळा कोणत्या वस्तीसाठी, आणि रात्री तिची किल्ली कोणापाशी, हे पावसाळ्यापूर्वी वस्तीच्या तोंडाशी मराठीत आणि हिंदीत लिहून लावण्यास ना उपग्रह लागतो, ना महासंगणक.